क्वांग हाई एवढा वर कसा आला, आणि फ्रान्सहून परत का फिरला

आधी प्रश्न सांगतो. विचारणाऱ्या वडिलांचा मुलगा १५ वर्षांचा आहे, डाव्या पायाने खेळतो, चेंडू पायात छान ठेवतो, पण अंगाने बारीक. निवड चाचणीत 'खेळ चांगला आहे, पण उंची नाही' हे ऐकून परत आला. घरी बसून त्याने व्हिएतनामच्या गुयेन क्वांग हाईचा बर्फातला गोल बघितला आणि तेव्हापासून तोच त्याचा हिरो. वडिलांनी तीन गोष्टी विचारल्यात: आपल्यासारखाच फुटबॉलमध्ये मागे असलेल्या देशातला हा लहानखुरा पोरगा एवढा वर कसा गेला, एवढा चांगला होता तर युरोपात का टिकला नाही, आणि माझ्या मुलासाठी यातून मी काय घ्यावे.

मी बरीच वर्षे कोल्हापुरात वयोगटातल्या पोरांना शिकवतो. व्हिएतनामच्या वयोगटांच्या संघांकडे २०१४ पासून बारकाईने बघत आलो आहे. कारण त्यांच्या आणि आपल्या अडचणी बऱ्याच सारख्या आहेत आणि त्यांनी काढलेले मार्ग वेगळे आहेत.

तो गोल आधी नीट बघू. २७ जानेवारी २०१८, चीनमधले चांगझोऊ शहर, आशियाई २३ वर्षांखालील स्पर्धेचा अंतिम सामना, समोर उझबेकिस्तान. बर्फ इतका पडत होता की मैदानावरच्या रेषा फावड्याने मोकळ्या कराव्या लागत होत्या, आणि मैदान साफ करायला मध्ये खेळ थांबवावा लागला. यातल्या बऱ्याच व्हिएतनामी पोरांनी असा बर्फ कधी पाहिलाही नव्हता. आठव्या मिनिटाला कॉर्नरवर हेडर बसला आणि ते ०-१ ने मागे पडले. ४१व्या मिनिटाला फ्री किक मिळाली. साथीदाराने चेंडूभोवतीचा बर्फ बाजूला सारून जागा करून दिली आणि क्वांग हाईने डाव्या पायाने चेंडू भिंतीवरून वळवून वरच्या कोपऱ्यात टाकला. व्हिएतनाममध्ये लोक त्या गोलाला 'बर्फातले इंद्रधनुष्य' म्हणतात.

प्रशिक्षक म्हणून मला त्यात काय दिसते ते सांगतो. ओल्या, घसरत्या जमिनीवर चेंडू वळवायचा तर आधाराचा पाय आधी पक्का लागतो. साधारण पोरगा अशा वेळी घाईत शरीर मागे टाकतो आणि चेंडू बारवरून जातो. क्वांग हाईची धाव आखूड आहे, आधाराचा पाय चेंडूच्या अगदी जवळ पडतो आणि मारल्यावर अंग चेंडूच्या पुढे झुकलेले राहते. ही सवय रोजच्या सरावानंतर मागे थांबून मारलेल्या फ्री किकांतून येते. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१९ मध्ये, आशियाई चषकात येमेनविरुद्ध त्याने पुन्हा अशीच फ्री किक घातली.

चांगझोऊचा सामना ते हरले. अतिरिक्त वेळेच्या ११९व्या मिनिटाला उझबेकिस्तानच्या बदली खेळाडूने कॉर्नरवर गोल केला आणि १-२ झाले. तरीही संघ हनोईला उतरला तेव्हा विमानतळापासून शहरापर्यंतचा रस्ता माणसांनी भरला होता. आग्नेय आशियातला कोणताही संघ त्याआधी या स्पर्धेच्या अंतिम फेरीत गेला नव्हता.

जगासाठी क्वांग हाई त्या दिवशी जन्मला. पण तो तेव्हा २० वर्षांचा होता आणि त्याआधी तो काय खेळला होता, यातच तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे.

त्याचा जन्म १२ एप्रिल १९९७ चा, हनोईच्या वेशीवरच्या दोंग आन्ह भागातला. लहान वयातच तो हनोईच्या क्लबच्या प्रशिक्षण व्यवस्थेत गेला. व्हिएतनाममध्ये वयोगटांच्या राष्ट्रीय स्पर्धांची साखळी आहे: ११, १३, १५, १७, १९, २१ वर्षांखालील. यातल्या काही स्पर्धा वर्तमानपत्रांनी उभ्या केल्या आहेत. २१ वर्षांखालच्यांची स्पर्धा 'थान्ह निएन' नावाच्या वर्तमानपत्राने १९९७ मध्ये सुरू केली. म्हणजे एका वयोगटातून बाहेर पडलेल्या पोरासाठी पुढची पायरी तयार असते. आपल्याकडे शालेय स्पर्धा संपल्या की दहावीनंतर निम्मी पोरे गायब होतात, ती नेमकी या जागी.

त्या साखळीवरून तो आंतरराष्ट्रीय सामन्यांपर्यंत पोचला. २०१६ मध्ये बहारीनला झालेल्या आशियाई १९ वर्षांखालील स्पर्धेत प्रशिक्षक होआंग आन्ह तुआन यांच्या व्हिएतनाम संघाने उपांत्यपूर्व फेरीत यजमानांना १-० ने हरवले आणि त्या एका विजयाने पुढच्या वर्षीच्या २० वर्षांखालच्या विश्वचषकाचे तिकीट मिळवले. उपांत्य सामन्यात जपानने त्यांना ३-० ने हरवले. २०१७ मध्ये दक्षिण कोरियात विश्वचषक झाला. तिथे न्यूझीलंडशी ०-० बरोबरी, फ्रान्सकडून ०-४, होंडुरासकडून ०-२. तीन सामने, एक गुण, एकही गोल नाही.

हे आकडे बघून आपल्याकडे काय म्हटले गेले असते ते मला माहीत आहे. पण त्या तीन सामन्यांत क्वांग हाईने त्याच्या वयाच्या फ्रेंच मिडफिल्डरसमोर चेंडू घेतला. चेंडू येण्याआधी किती वेळा मान वळवून बघावे लागते, पहिला टच किती लांब चालतो, पाठीवर माणूस असताना किती वेळ मिळतो, हे त्याला तिथे अंगावर घेऊन कळले. सराव सामन्यात हे शिकवता येत नाही. मी पोरांना शंभर वेळा ओरडून सांगतो, "चेंडू यायच्या आधी बघ!" चांगल्या संघाने एकदा चेंडू हिसकावला की ते आपोआप बघायला लागतात.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणखी एक आपटी होती. क्वालालंपूरच्या आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धेत याच पिढीचा २२ वर्षांखालचा संघ थायलंडकडून ०-३ हरून गटातच बाद झाला आणि प्रशिक्षकांनी राजीनामा दिला. त्यानंतर पाच महिन्यांत बरीचशी तीच पोरे चांगझोऊला अंतिम सामना खेळली. मधे एक गोष्ट घडली: ऑक्टोबर २०१७ मध्ये पार्क हांग-सो आले. हे कोरियन गृहस्थ २००२ च्या विश्वचषकात कोरियाच्या संघाबरोबर गुस हिडिंक यांचे सहायक होते.

पार्क यांच्याबद्दल मी थोडे जास्त लिहिणार आहे, कारण तुमच्या मुलाच्या उंचीचा प्रश्न इथेच येतो.

व्हिएतनामी खेळाडू शरीराने कमी पडतात, ७० मिनिटांनंतर दम सोडतात, असे तिथे सर्रास मानले जायचे. पार्क यांनी ते मान्य केले नाही. दम कमी नाही, वरच्या अंगाची ताकद कमी आहे, असे त्यांचे निदान होते. त्यांनी व्यायाम बदलला, खाणे बदलले. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे संघाची रचना अशी केली की लहान चणीच्या पोरांना हवेतल्या लढाया कमीत कमी लढाव्या लागाव्यात. मागे मध्यात तीन बचावपटू (सेंटर बॅक), बाजूंना वर-खाली धावणारे दोन विंग बॅक, चेंडू गेला की पाच जणांची ओळ. पुढे क्वांग हाईसारख्याला मोकळे सोडायचे. जानेवारीतल्या त्या स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत इराकशी ३-३ आणि उपांत्य फेरीत कतारशी २-२, दोन्ही सामने १२० मिनिटांचे, दोन्ही पेनल्टींवर जिंकले. दम नाही म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे होते.

क्वांग हाई १.६८ मीटर उंच आहे. साडेपाच फूट. एवढ्या उंचीचा पोरगा जिल्हा निवडीत आपल्याकडे कुठे उभा राहील याचा विचार करा. १४-१५ व्या वर्षी उंच दिसणारा पोरगा बहुतेक वेळा फक्त लवकर वाढलेला असतो. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेला असतो, मिसरूड फुटलेली असते, आणि त्या वयात धडक मारून तो सामने जिंकून देतो. निवडणाऱ्याला त्याच दिवशी निकाल हवा असतो, म्हणून तो घेतला जातो. १८व्या वर्षी बाकीचे त्याला गाठतात आणि तेव्हा त्याच्याकडे दुसरे काही नसते. इंग्लंडच्या काही अकादमींनी यावर उपाय म्हणून पोरांना जन्मतारखेऐवजी शरीराच्या वाढीप्रमाणे गट करून खेळवायला सुरुवात केली. आपल्याकडे एवढे करायचीही गरज नाही. निवडणाऱ्याने चाचणीत पोराच्या वडिलांची आणि आईची उंची विचारून तो अजून किती वाढेल याचा अंदाज घेतला तरी खूप फरक पडेल.

व्हिएतनामनेही ही चूक केलेली आहे. क्वांग हाईच्या आधीचा तिथला लाडका पोरगा म्हणजे गुयेन काँग फुओंग. जन्म १९९५, नघे आन प्रांतातला. हा प्रांत गरीब, आणि फुटबॉलपटूंची खाण म्हणून ओळखला जाणारा. तिथल्या मोठ्या क्लबने त्याला लहानपणी अंगाने कमी म्हणून घेतले नाही, असे त्याच्याबद्दल सगळीकडे लिहिले गेले आहे. मग तो मध्य पठारावरच्या प्लेकूला गेला, होआंग आन्ह ज्या लाई क्लबच्या अकादमीत. ही अकादमी उद्योगपती दोआन गुयेन दुक यांनी २००७ मध्ये आर्सेनल आणि फ्रेंच प्रशिक्षक जाँ-मार्क गिलू यांच्या संस्थेला बरोबर घेऊन उघडली. गिलू यांनी आधी आयव्हरी कोस्टमध्ये अशीच अकादमी काढली होती आणि तिथून तूरे बंधूंसारखे खेळाडू निघाले. त्यांच्या पद्धतीत पोरे पहिली काही वर्षे अनवाणी खेळतात. चेंडू पायाला कळावा हा हेतू. उंची-वजनाला तिथे फारसे महत्त्व नव्हते, म्हणून काँग फुओंगला दार उघडले.

२०१३-१४ मध्ये या पोरांच्या १९ वर्षांखालच्या संघाने देशाला वेड लावले. ऑस्ट्रेलियाच्या त्याच वयाच्या संघाला त्यांनी ५-१ ने हरवले होते. काँग फुओंग चार-पाच जणांना चुकवून गोल करायचा, मैदाने भरायची. आणि मग ऑक्टोबर २०१४ मध्ये म्यानमारमधल्या आशियाई स्पर्धेत कोरियाने त्यांना ०-६ ने झोडले.

क्लबच्या मालकांनी २०१५ च्या हंगामात धाडस केले. जवळपास सगळी तुकडी एकदम व्ही लीगमध्ये, म्हणजे देशाच्या पहिल्या श्रेणीत उतरवली. १९-२० वर्षांची पोरे अनुभवी गड्यांसमोर. १४ संघांत ते १३वे आले, अवनतीपासून, म्हणजे खालच्या श्रेणीत ढकलले जाण्यापासून, जेमतेम वाचले. यावर तिथे बरीच टीका झाली. माझे मत वेगळे आहे. चांगला खेळ कसा करायचा हे त्या पोरांना येत होते, पण वाईट दिवशी १-० ने कसे तगायचे हे येत नव्हते, आणि ते शिकायची दुसरी जागा नव्हती. मात्र सगळ्यांना एकदम टाकण्यात एक अडचण असते: शेजारी कोणी मोठा नसतो. १९ वर्षांचा मिडफिल्डर चुकला की त्याला सावरायला ३० वर्षांचा माणूस बाजूला लागतो. तिथे बाजूलाही १९ वर्षांचाच पोरगा होता.

आपणही हा प्रयोग केला आहे. २०१७ मध्ये १७ वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला, नवी मुंबई आणि मडगावलाही सामने झाले. त्या संघातल्या पोरांना घेऊन भारतीय फुटबॉल महासंघाने 'इंडियन ॲरोज' हा संघ आय-लीग या राष्ट्रीय लीगमध्ये उतरवला. पहिलाच सामना गोव्यात बांबोळीला, चेन्नई सिटीविरुद्ध, ३-० ने जिंकला आणि त्यात आमच्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे दोन गोल. त्या रात्री इथल्या पेठांत काय आनंद होता ते मी विसरणार नाही. हंगामाअखेर ॲरोज तळाशी राहिले. त्यांना अवनती नव्हती, आणि २०२२ मध्ये तो संघच बंद झाला. अवनती नसलेला संघ शेवटच्या पाच सामन्यांत वेगळा खेळतो, हे ज्याने खेळले आहे त्याला सांगावे लागत नाही. होआंग आन्ह ज्या लाईच्या पोरांच्या मानेवर अवनतीचे ओझे होते. ओझे वाईट असते असे नाही. पण आपल्या पोरांकडे त्यांच्यासारखी सात-आठ वर्षांची एकत्र तयारीही नव्हती.

क्वांग हाईचे सुदैव असे की त्याचा क्लब हनोई होता. तिथे त्याला एकट्याला, जेत्या संघात, मोठ्यांच्या मधे सोडले गेले. हनोईने २०१६, २०१८ आणि २०१९ मध्ये लीग जिंकली. कर्णधार गुयेन वान क्वेतसारखा अनुभवी पुढे, मागे दुय मान्हसारखा बचावपटू. पोराने चेंडू गमावला तर तो परत मिळवायला माणसे होती, म्हणून त्याला धोका पत्करता आला. अवनतीच्या भीतीत खेळणाऱ्या संघात असा पोरगा दोन चुका करतो आणि तिसऱ्या सामन्यात बाकावर बसतो.

म्हणून माझ्यापुरते उत्तर हे: काँग फुओंगकडे पायातली कला कदाचित जास्त होती. क्वांग हाईला सामन्यांची शिडी जास्त नीट मिळाली. एकही पायरी गाळली गेली नाही, एकाही पायरीवर तो दोन वर्षे अडकून पडला नाही, आणि १८ ते २२ या वयात त्याला दर आठवड्याला खरा सामना मिळाला. प्रतिभा दोघांकडे होती, फरक या चार वर्षांनी केला.

२०१८ हे त्याचे वर्ष तर बघण्यासारखे आहे. जानेवारीत चांगझोऊ, पाच गोल. मग लीगचा हंगाम आणि विजेतेपद. ऑगस्टमध्ये इंडोनेशियातल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत जपानविरुद्ध तिसऱ्या मिनिटाला त्याचा गोल, १-० ने विजय, आणि व्हिएतनाम पहिल्यांदा उपांत्य फेरीत. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आग्नेय आशियाचा चषक. अंतिम फेरीत मलेशियाशी तिकडे २-२, हनोईत १-०, दहा वर्षांनी विजेतेपद, आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू क्वांग हाई. या स्पर्धेत पार्क यांनी त्याला विंगवरून आत आणून मधल्या फळीतही खेळवले. मला वाटते हा त्याच्या जडणघडणीतला सर्वांत मोठा निर्णय होता. रेषेजवळच्या खेळाडूला १८० अंश बघावे लागते. मध्यात ३६०. त्यानंतर लगेच जानेवारी २०१९ मध्ये आशियाई चषक, उपांत्यपूर्व फेरीत जपानकडून एका पेनल्टीवर ०-१ हार. वर्षभरात एका २१ वर्षांच्या देहाने केवढे सामने ओढले! मला त्या वर्षाचे कौतुक आहे आणि तेवढीच काळजीही वाटली होती. पुढच्या काळात तो दुखापतींनी सतत आत-बाहेर होत राहिला, त्याचे मूळ मी या वर्षात बघतो.

आता दुसरा प्रश्न. युरोप.

जून २०२२ मध्ये, हनोईशी करार संपल्यावर, तो फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतल्या पो क्लबकडे गेला. वय २५. वर्षभरातच करार मोडून परतला आणि २०२३ च्या उन्हाळ्यात हनोई पोलिसांच्या क्लबकडे आला. पो कडे तो मुख्यतः बदली म्हणून काही मिनिटे खेळायचा. 'व्हिएतनामचा सगळ्यात चांगला खेळाडू फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतही चालला नाही' असा निष्कर्ष तेव्हा अनेकांनी काढला. तो अर्धवट आहे.

फ्रान्सची दुसरी श्रेणी हा धडकांचा, लांब धावांचा, एकास एक झुंजीचा फुटबॉल आहे. पो हा लहान क्लब, अवनती टाळणे हेच लक्ष्य. चेंडू बहुतेक वेळ प्रतिस्पर्ध्याकडे. अशा संघात क्वांग हाईचा ठेवणीतला गुण, म्हणजे अपुऱ्या जागेत चेंडू घेऊन शेवटचा पास देणे, ९० मिनिटांत दोनदा कामाला येतो. बाकी ८५ मिनिटे त्याच्याकडून जे हवे होते, चेंडूमागे धावणे आणि खांद्याने भिडणे, त्यात तिथले दहा जण त्याच्यापेक्षा बरे होते. प्रशिक्षकाने त्याला बाकावर बसवले तर त्याचे फार चुकले असे मी म्हणणार नाही. जपानच्या दुसऱ्या श्रेणीतला, चेंडू जमिनीवर ठेवून खेळणारा क्लब त्याने निवडला असता, आणि तोही २१-२२ व्या वर्षी, तर चित्र वेगळे दिसले असते असे मला वाटते.

पण जपानला जाणे हेही आपोआप उत्तर नाही. काँग फुओंग २०१६ मध्ये २१ व्या वर्षी जपानच्या मितो हॉलीहॉककडे उसन्या कराराने गेला, तिथे फार कमी खेळला. पुढे कोरियात इंचॉन, बेल्जियममध्ये सिंत-त्रुइडेन, नंतर योकोहामा, सगळीकडे तीच कथा. क्वांग हाईचा साथीदार दोआन वान हाऊ, १९९९ चा, उंच आणि धिप्पाड लेफ्ट बॅक, २०१९ मध्ये नेदरलँड्सच्या हीरेनवीनकडे गेला. शरीराची अडचण त्याला नव्हती. तरी वरिष्ठ संघाकडून एका चषक सामन्याच्या शेवटच्या काही मिनिटांपलीकडे त्याला मैदान मिळाले नाही. देशात दर आठवड्याला ९० मिनिटे खेळणारा २० वर्षांचा पोरगा वर्षभर राखीव संघात फिरत राहिला.

या तिघांत एक समान गोष्ट आहे. परदेशी क्लबला त्यांच्या गोलांची जेवढी गरज होती, त्याहून त्यांच्या देशातल्या प्रेक्षकांची आणि प्रायोजकांची होती का, हा प्रश्न त्यांच्या घरच्यांनी करार होण्याआधी जोरात विचारायला हवा होता. प्रशिक्षकाने मागितलेला खेळाडू आणि व्यवस्थापनाने आणलेला खेळाडू यांना सरावाच्या पहिल्या आठवड्यातच वेगळी वागणूक मिळते.

त्यानंतरच्या पिढीतला गुयेन दिन्ह बाक याच्याकडे म्हणूनच मी जास्त लक्ष ठेवून आहे. २००४ चा, हाही नघे आनचाच. क्वांग नामसारख्या छोट्या क्लबकडून दुसऱ्या श्रेणीत खेळत वर आला. १४ जानेवारी २०२४ ला दोहात, आशियाई चषकात, जपानविरुद्ध १६व्या मिनिटाला कॉर्नरवर जवळच्या खांबाकडे धावत त्याने गोलकडे जवळपास पाठ असताना डोक्याने चेंडू मागे फिरवला, तो गोलरक्षक झिऑन सुझुकीवरून पलीकडच्या खांबाकडे आत गेला. वय १९. व्हिएतनाम काही काळ २-१ ने पुढेही होता, शेवटी जपानने ४-२ केले. त्या हेडरवर परदेशी क्लबांची नावे लगेच वर्तमानपत्रांत आली. तो गेला नाही. देशातच मोठ्या क्लबकडे, हनोई पोलिसांकडे गेला, म्हणजे योगायोगाने क्वांग हाईच्याच संघात. मधल्या काळात दुखापती झाल्या, बाकावरही बसला. मग जुलै २०२५ मध्ये जकार्तात व्हिएतनामने आग्नेय आशियाची २३ वर्षांखालची स्पर्धा जिंकली आणि सर्वोत्तम खेळाडू तो ठरला. डिसेंबरमध्ये आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धेत बँकॉकला थायलंडविरुद्ध ०-२ वरून ३-२ ने सुवर्ण जिंकणाऱ्या संघाचाही तोच आधार होता. त्याच्या वाढीत घाई दिसत नाही, आणि सेंटर फॉरवर्डची जागा व्ही लीगमध्ये बहुतेक ब्राझिलियन किंवा आफ्रिकन खेळाडूंकडे असल्यामुळे विंगवरून आत येऊन गोल करायला तो शिकला. पुढची जागा परदेशी खेळाडूंकडे असण्याची ही अडचण आपल्या फॉरवर्ड पोरांचीही आहे.

आपण त्यांच्यापेक्षा किती मागे, याचे उत्तर एका सामन्यावर देता येत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये हो ची मिन्ह शहरात व्हिएतनामने भारताला ३-० ने हरवले. ऑक्टोबर २०२४ मध्ये नाम दिन्हला १-१ बरोबरी झाली, त्यांचा गोल २१ वर्षांच्या बुई वी हाओचा, तोही अकादमीतून आलेला. त्यांच्या महिला संघाने तर पहिल्या विश्वचषकाची पात्रता आपल्या नवी मुंबईत मिळवली, ६ फेब्रुवारी २०२२ ला चायनीज तैपेईला २-१ ने हरवून. त्या स्पर्धेतले त्यांचे गटातले सामने पुण्यात बालेवाडीला झाले होते. आपल्या दारात हे घडले आणि करोनामुळे मैदानात बघायला माणसे नव्हती, याची मला अजून हळहळ वाटते.

आता तुमच्या मुलाचे.

उंचीबद्दल काळजी सोडा, पण ताकदीबद्दल नको. १५ व्या वर्षी स्वतःच्या वजनाचे व्यायाम, एका पायावर बसणे-उठणे, पोटाचे आणि पाठीचे स्नायू, एवढे नियमाने सुरू करा. जेवणात अंडी, दूध, डाळ, शेंगदाणे रोज हवेत. बारका पोरगा पडतो तो बहुतेक वेळा उंचीने नाही, धक्का लागताना पाय चुकीचे असल्याने पडतो. त्याला चेंडू घेताना गुडघे किंचित वाकवून, खांदा आधी लावून उभे राहायला शिकवा. क्वांग हाईचे हे बघा: धक्का यायच्या आधी तो स्वतःच अंग टेकवतो, म्हणून समोरच्याला वेग घेता येत नाही.

नकार मिळालेल्या ठिकाणी पुढच्या वर्षी पुन्हा पाठवा, पण मधले वर्ष रिकामे जाऊ देऊ नका. कोणत्याही अकादमीत घालण्याआधी मैदान, हॉस्टेल, परदेशी प्रशिक्षकाचा फोटो या गोष्टी नंतर बघा. आधी विचारा, मागच्या हंगामात तुमच्या १६ वर्षांच्या पोरांनी स्पर्धेचे किती सामने खेळले, आणि त्यातले किती स्वतःहून मोठ्या वयाच्या संघांविरुद्ध? तुमच्याकडून १८ वर्षांचा होऊन बाहेर पडलेला पोरगा आज कुठे खेळतो? त्याचे नाव सांगा, मी त्याच्या वडिलांशी बोलतो. ज्यांच्याकडे या प्रश्नांची सरळ उत्तरे आहेत तिथे पाठवा, मग मैदान मातीचे असले तरी चालेल. कोल्हापुरात १७-१८ व्या वर्षी तालमीच्या संघातून मोठ्या गड्यांबरोबर लीग खेळायला मिळणे ही फार मोलाची गोष्ट आहे. तिथे ढकलाढकली होते म्हणून पालक घाबरतात. प्रशिक्षक शहाणा असेल तर शेवटची २० मिनिटे आधी, मग अर्धा सामना, असे त्याला हळूहळू आत घेतील.

परदेशात 'ट्रायल' देतो म्हणून पैसे मागणाऱ्या दलालांपासून मात्र दूर राहा. पोरगा १८ वर्षांचा होण्याआधी परदेशी क्लबकडे त्याची नोंदणी करण्यावर फिफाचे कडक निर्बंध आहेत. जो माणूस हे तुम्हाला आधी सांगत नाही, त्याला पुढचे काही विचारू नका.

आणि मुलाला तो बर्फातला गोल पुन्हा पुन्हा दाखवू नका, तो त्याने पाठ केलेलाच असणार. त्याऐवजी त्याच स्पर्धेतला कतारविरुद्धचा उपांत्य सामना पूर्ण शोधून दाखवा. समोर अक्रम अफिफ आणि अल्मोएझ अली आहेत, ज्यांनी वर्षभराने कतारला आशियाई चषक जिंकून दिला. ८७व्या मिनिटाला कतार २-१ ने पुढे जातो आणि पुढच्याच मिनिटाला क्वांग हाई बरोबरी करतो. पण मुलाला सांगा, पहिल्यांदा बघताना चेंडू बघायचा नाही, ६०व्या मिनिटापासून फक्त क्वांग हाईला बघायचे. चेंडू पलीकडच्या बाजूला असताना तो कुठे उभा राहतो, किती वेळा मान वळवतो, आणि संघ मागे पडल्यावर चेंडू मागायला स्वतःहून कुठे येतो, हे वहीत लिहून काढायला लावा. मग शनिवारच्या सामन्यात त्याच्याकडून त्यातली एकच गोष्ट करून घ्या.